बोलण्याएवढी सिगार

माझ्या वडिलांची बिडी डॉक्टरांनी बंद केली तेव्हा सगळ्यांत जास्त नुकसान माझ्या आईचं झालं. हे कळायला मला फार वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

आप्पा रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाल्यावरही दौंड सोडून कुठं गेले नाहीत. रुळांच्या पलीकडं दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात बाज, असं आमचं घर. जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसलेला माणूस, त्याला बोलायची सवय कुठून असणार? बोलायचं खातं आईकडं होतं. पण बोलायला समोर माणूस लागतो, आणि तो बसता लागतो. संध्याकाळचा चहा झाला की आप्पा बाजेवर बसून बिडी पेटवायचे आणि आई पायरीवर बसून मिश्री लावायची. तंबाखूचं पान तव्यावर काळं पडेस्तोवर भाजायचं, त्याची पूड करायची आणि ती बोटानं दातांना घासायची, ही मिश्री. आमच्याकडच्या बायका तिला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. माझी आई दिवसातून इतक्या वेळा दात घासायची की तिच्याएवढी स्वच्छ बाई अख्ख्या तालुक्यात सापडायची नाही, असं आम्ही तिला चिडवायचो.

एक बिडी विझली की आप्पा दुसरी पेटवायचे. आईचं चालूच असायचं. कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कुठल्या भाच्यानं कोरेगाव भीमाला रस्त्यालगत गाळा घेतला आणि आता ओळख दाखवत नाही, भावकीत कोण कोणाच्या दारात पाय ठेवत नाही. आप्पा ‘हं’ म्हणायचे. फारच झालं तर ‘मग?’ म्हणायचे. मला लहानपणापासून वाटायचं, हा माणूस यातलं काही ऐकत नाही. आई मात्र त्या ‘हं’वर अंधार पडेपर्यंत बोलायची.

मग आप्पांची छाती वाजायला लागली. स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबायचे. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि बिडी बंद केली. आप्पांनी ती खरंच सोडली, एका दिवसात सोडली, त्याबद्दल त्यांचं कौतुक करायलाच पाहिजे. पण बिडीबरोबर त्यांचं अंगणही सुटलं. हातात काही नसताना नुसतं बसायचं कसं, हे त्यांना जमेना. चहाचा कप खाली ठेवला की उठून आत जायचे आणि टीव्ही लावायचे. आई मागोमाग जाऊन बोलायला लागली की आवाज वाढवायचे.

“भिताडाला तरी कान असत्यात म्हणं,” आई मला फोनवर म्हणाली. “ह्यांना न्हाईत.”

मी शिरूरला राहते आणि रांजणगावच्या एका कारखान्यात ॲडमिनला आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्या, गाड्या, जेवण हे माझं काम. आईचा फोन आला की मीही हातातलं काम करता करता ‘हं’ म्हणायची. पण माझा ‘हं’ तिला चालायचा नाही. तो खोटा आहे हे ती लगेच ओळखायची. “तू तुझं काम कर बाई,” म्हणायची आणि फोन ठेवायची.

त्या सुमारास आमच्याकडं मशीन बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता. रोज संध्याकाळी गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात एक सिगार घेऊन बसायचा आणि ती संपेपर्यंत उठायचा नाही. समोर वॉचमन असो, ड्रायव्हर असो, त्याच्याशी गप्पा मारायचा. समोरच्याला त्याची भाषा कळत नव्हती आणि त्याला समोरच्याची, तरी गप्पा व्हायच्या. मी एकदा त्याला छातीचं विचारलं. तो म्हणाला, ह्याचा धूर छातीत घ्यायचाच नसतो, तोंडात फिरवून सोडून द्यायचा. माझे वडील रेल्वेत होते हे ऐकून जाताना त्यानं दोन सिगार त्यांच्यासाठी ठेवल्या. मी त्या पर्समध्ये टाकल्या आणि रविवारी न्हावऱ्यावरून उसाच्या ट्रॉल्या चुकवत दौंडला गेले. दाखवायला म्हणून नेल्या होत्या, ओढायला म्हणून नाही.

आप्पांनी सिगार हातात घेऊन फिरवली आणि परत दिली. आईनं ती नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

“हे भाजल्यालं न्हाई,” ती म्हणाली. “हे आढीत घालून मुरवलंय. आंब्यावाणी.” मग डोळे उघडून तिनं मला विचारलं, “तुझा साहेब ही घिऊन किती वेळ बसायचा म्हणलीस?”

तिचं सगळं लक्ष तेवढ्या एका गोष्टीवर होतं, किती वेळ.

ती डॉक्टरांकडंही जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, धूर तो धूर, मला विचाराल तर नाही. आई घरी येऊन म्हणाली, “त्याला काय जातंय म्हणायला. त्याची बायको बोलती त्याच्यासंगं.” हे बरोबर नव्हतं, मला माहीत होतं. पण तिनं आठवड्यातनं एकच, फक्त रविवारी, मी समोर असताना, असं ठरवून टाकलं, आणि माझ्या आईनं ठरवलेलं मोडायचं म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल बदलण्यापेक्षा अवघड काम.

पहिली सिगार फसली. तिची टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, कापायला घरात काही नव्हतं, म्हणून आईनं सुपारीचा अडकित्ता दिला. तो चांगला चालला. पण सिगार काळ्या पानाची होती, कडक. आप्पांनी चार झुरके घेतले, कपाळावर घाम आला, आणि बाजेवर आडवे झाले. आई गुळाचा खडा घेऊन धावली. तो विरघळेस्तोवर त्यांच्या उशाशी बसली आणि वर तोंड करून मला म्हणाली, “मवाळ मिळत न्हाई का ह्यात?”

मवाळ मिळते. पुण्याला कॅम्पात एक जुनं दुकान आहे, तिथं मी गेले. काउंटरवरचे गृहस्थ आधी माझ्याकडं, मग माझ्या मागं कुणी पुरुष येतोय का तिकडं बघत राहिले. वडिलांसाठी पाहिजे, सौम्यातली सौम्य दाखवा, म्हटल्यावर मात्र त्यांनी मनापासून दाखवल्या. वरचं पान जितकं फिकट, तितकी बहुतेक वेळा ती सौम्य, असं ते म्हणाले. बहुतेक वेळा, नेहमी नाही. मग त्यांनी विचारलं, “किती वेळ बसतात वडील? साइज त्यावर ठरते.”

मी तिथूनच आईला फोन लावला.

“एक लांब आण, एक बारकी आण, एक मधली आण,” ती म्हणाली. “लुगडं तरी अंगाला लावून बघितल्याबिगर घेतंय का कुणी?”

त्यानंतरचे काही रविवार आमच्या घरात जी परीक्षा चालली तशी मी कुठं बघितलेली नाही. परीक्षक आई, आणि तिनं स्वतः एक झुरकासुद्धा घेतला नाही. ती आधी नाकाशी धरून निकाल द्यायची. एकीला वाळल्या कडब्याचा वास होता. दुसरीला भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलकटांचा. तिसरीला, तिच्या मते, गोठ्याचा, आणि ती सगळ्यांत महाग होती. “एवढं पैसं दिऊन गोठा आणलास व्हय?” असं म्हणून ती मला हसली. आप्पांना मात्र गोठाही चालला असता. त्यांना हातात धरायला काहीतरी मिळालं होतं.

बारकी सिगार पेन्सिलीएवढी होती. मला वाटलं होतं, लहान म्हणजे सौम्य. तसं नसतं. बारकी लवकर तापते, धूर गरम येतो आणि जिभेला चावतो. आप्पांना ठसका लागला. आईला ते लगेच समजलं. पातळ भाकरी आधी करपते, ती म्हणाली, जाड पाहिजे. लांब होती ती वीतभर. ती गार ओढली जायची, पण निम्म्यावर आल्यावर आप्पांचा दम संपायचा, आणि आईला बोलता बोलता त्यांच्या छातीकडं बघावं लागायचं, त्यामुळं तिचं बोलणं रंगायचं नाही. शेवटी ठरली ती आखूड आणि जाड, अंगठ्याएवढी जाड, फिकट पानाची, शेंगदाण्याच्या फोलकटांची. आईनं पसंतीचं कारण सांगितलं ते असं: “हिच्यात माज्या भाचीचं लगीन साखरपुड्यापासनं मांडवपरतणीपर्यंत सांगून व्हतं. बारकीत नुसत्या अक्षता पडत्यात.”

दुकानदार म्हणाले होते, कोरड्या होऊ देऊ नका. आईनं त्या स्टीलच्या डब्यात घालून माठाशेजारी ठेवल्या, विड्याची पानं ठेवायची तशा.

तो काळ चांगला गेला. मला आता त्याचं वाईट वाटतं ते तो चांगला होता म्हणूनच. रविवारी दुपारची झोप झाली की आप्पा स्वतःहून बाजेवर येऊन बसायचे. अडकित्त्यानं टोपी कापायची, काडी जरा लांब धरून सिगार फिरवत पेटवायची, पहिला धूर सोडून द्यायचा, हे सगळं ते गाडीला झेंडी दाखवल्यासारखं शिस्तीत करायचे. आई पायरीवर. मिश्रीचं बोट तोंडात. मी आत चहा ठेवायची आणि बाहेरचा आवाज ऐकत राहायची. टीव्ही बंद असायचा. आईचं ते भाचीचं लग्न तर मी इतक्यांदा ऐकलं की मला ते माझ्याच लग्नापेक्षा जास्त पाठ झालं. इनामगावकडं झालेलं लग्न. विहिणीच्या मानाच्या साड्या बदलल्या गेल्या आणि विहीणबाई मांडवातून उठून बैलगाडीत जाऊन बसल्या, त्या जेवणं होईपर्यंत उतरल्या नाहीत. आप्पा हसायचे. हसताना धूर नाकातून यायचा आणि आई म्हणायची, “गिळू नका, गिळू नका.”

मग आई एकदा म्हणाली, “पुढच्या वक्ताला जरा आखूड आण.”

मी म्हटलं, आहे ती चांगली जमलीय की.

“आण म्हणती तर आण.”

मला वाटलं, आप्पांच्या छातीची काळजी. दुकानात जाऊन त्याच जाडीची पण कमी लांबीची शोधली. चार रविवार गेले असतील, तर आईला तीही मोठी वाटायला लागली. ह्यापेक्षा लहान जाड मिळत नाही, मग बारीक घ्यावी लागेल आणि बारीक तापते, तुलाच माहितीय, मी म्हटलं. ती म्हणाली, तापू दे. एका रविवारी तर आप्पांची निम्मी ओढून झाली होती तेव्हा उठलीच. “ऱ्हायलेली पुढच्या रविवारी ओढा,” म्हणाली आणि आत गेली. विझवून ठेवलेली सिगार दुसऱ्यांदा पेटवली की घाण वास मारते, हेही तिनंच आम्हाला सांगितलं होतं.

आप्पा विझलेली सिगार हातात धरून बसले. “कट्टाळा आला वाटतं तिला माजा,” ते मला म्हणाले. हसत म्हणाले, पण त्यांना लागलं होतं.

मलाही आईचा राग आला. एवढी यातायात केली, डॉक्टरांचं ऐकलं नाही, पुण्याला खेपा घातल्या, आणि आता बाईसाहेबांचं बोलणं संपलं. मी तिला तसं म्हणालेसुद्धा. ती पदर तोंडाला लावून उभी होती. दाढ दुखतीय, एवढंच म्हणाली.

तिची दाढ बरेच दिवस दुखत होती. दाढ दुखली, हिरडीची आग झाली, तोंडात काही झालं तर आमच्याकडं एकच औषध, मिश्री. मिश्री लावली की जागा बधिर होते. म्हणून ती जास्त लावायची. आग वाढली की आणखी लावायची. कालवणात तिखट कमी झालं होतं, ते आम्हाला वाटलं आप्पांच्या पथ्यासाठी. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली, ते आम्हाला वाटलं वयामुळं. घरात तंबाखू म्हटलं की आम्ही सगळे आप्पांच्या छातीकडं बघायचो. आईच्या तोंडात बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती तर दात घासत होती.

एका रविवारी तिच्या पदराला रक्त दिसलं आणि मी तिला ओढत दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. तरुण मुलगी होती. तिनं आईला आ करायला सांगितलं आणि दिवा धरला. मग आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “ताई, जरा बाहेर येता?” बाहेर येण्याआधीच मला कळलं होतं.

पुण्याच्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. जीभ बहुतेक सगळी काढावी लागणार, असं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यापाशी बसले होते. आप्पा खाली चहाला गेले होते. तिला बोलताना त्रास होत होता आणि ती थांबत थांबत बोलली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं मोठं बोलणं ते.

“बोललं की आग व्हायची गं. लई आग. आन् बोलणं बंद केलं असतं तर ह्यास्नी वाटलं असतं, रुसली. मग त्यांनी परत आत जाऊन टीव्ही लावला असता. म्हणून म्हणलं, सिगार बारकी करावी. सिगार आखूड झाली की बोलणं आपसूक आखूड व्हतंय, कुणाचं काय जात न्हाई.”

मी तिथं रडले नाही. जिन्यात जाऊन रडले.

ऑपरेशन झालं. ती घरी आली ती नाकात नळी घेऊन. जेवण नळीतून, औषध नळीतून. बोलणं नाही. घशातून नुसता आवाज यायचा, तो तिला स्वतःलाच आवडायचा नाही, म्हणून तिनं तोही बंद केला. आप्पांनी मिश्रीची डबी गटारात फेकली. घरात तंबाखूचं नाव काढायचं नाही, म्हणाले. मीही तेच म्हणाले.

संध्याकाळी आता ती बाजेवर असायची आणि आप्पा पायरीवर. जागा बदलल्या होत्या. ती त्यांच्याकडं बघायची आणि हाताची बोटं उघडमीट करायची, चोच उघडल्यासारखी. बोला.

“काय बोलू?” आप्पा म्हणायचे.

ती परत बोटं उघडमीट करायची.

“आज ऊन लई हुतं,” आप्पा म्हणायचे. मग मांडीवर हात ठेवायचे, तो उचलून गुडघ्यावर ठेवायचे, तिथून कमरेवर न्यायचे. त्या हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. थोड्या वेळानं उठून आत जायचे. आई भिंतीकडं तोंड करून पडायची.

एका शनिवारी आप्पा कोणाला न सांगता रेल्वेनं पुण्याला गेले. दम लागणारा माणूस, एकटा. कॅम्पातलं दुकान विचारत विचारत शोधलं. रविवारी मी आले तर बाजेवर आईच्या पायाशी वीतभर लांब, फिकट पानाची सिगार ठेवलेली.

मी खूप बोलले. डोकं फिरलंय का तुमचं, म्हटलं. तिला कशानं झालंय, तुमची छाती कशी आहे, दोघांनाही एकदमच पोचवायचं का मी? आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“दुकानदारानं इचारलं, किती वेळ बसता,” ते म्हणाले. “म्हणलं, लई वेळ.”

आईनं माझ्याकडं बघून हात हलवला. गप्प बस, असा. मग तिनं अडकित्त्याची खूण केली.

वारा ज्या बाजूला जात होता त्या बाजूला आप्पा बसले, धूर तिच्याकडं जाऊ नये म्हणून. सिगार पेटवली. दोन-तीन झुरके झाले. आणि मग माझे वडील बोलायला लागले.

“तवा इनामगावला आपुन पोचलो,” ते म्हणाले, “तर मांडवात पाय ठिवायला जागा न्हाई. तू म्हणलीस, आधी भाचीला बघू, मग च्या घिऊ.”

ते आईची गोष्ट सांगत होते, तिच्या भाचीच्या लग्नाची. तिच्याच क्रमानं, तिच्याच शब्दांत. साखरपुड्यापासून. कोणत्या चुलत्यानं मानाचा फेटा नाकारला, कोणाचं पोरगं मांडवात हरवलं आणि पंगतीत सापडलं. जिथं आई थांबून हसायची तिथं ते थांबायचे. मी दारात उभी राहिले. जन्मभर मला वाटत होतं की हा माणूस ऐकत नाही.

“विहीणबाईनं साडी उलगडली. म्हणली, अगं बया, ही पोपटी. मला तर डाळिंबी सांगितली व्हती.”

आईनं बोट हलवलं. डाळिंबी नाही.

“डाळिंबी न्हाई? मग? अबोली?”

आईनं मान हलवली. अबोली. तिचे खांदे हलत होते. तिला हसताना आवाज येत नव्हता, पण ती हसत होती. आप्पांना खोकला आला, त्यांनी तो जिरवला, पाणी प्यायले आणि पुढं बोलले. लग्न संपलं, मग सुनेची वेगळी चूल झाली, मग भाच्याचा गाळा झाला. त्यांनी एवढं सगळं साठवून ठेवलं होतं. अंधार पडायला लागला तेव्हा सिगार बोटांपर्यंत आली होती. आईला झोप लागली होती. आप्पांनी लगेच बोलणं थांबवलं नाही. राहिलेलं वाक्य हळू आवाजात पुरं केलं.

असे काही रविवार मिळाले. डॉक्टरांनी सांगितले होते त्यापेक्षा कमी मिळाले.

दहाव्याला भीमेच्या घाटावर पिंडाशेजारी ज्याला जे आवडायचं ते ठेवतात. पुरणपोळी होती, चहा होता. माझ्या मावशीनं द्रोणात मिश्री आणून ठेवली. मी तो द्रोण उचलला आणि लांब नदीत भिरकावला. सगळ्यांसमोर. मावशी म्हणाली, “अगं, तिला आवडायची ती.” मी म्हटलं, हो, आणि मिश्रीलाही ती आवडली. भटजी खाली बघत होते. कावळा शिवला की नाही, हे मला लोकांनी नंतर विचारलं. माझं तिकडं लक्ष नव्हतं. आप्पा पाण्यात पाय सोडून बसले होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते.

त्यानंतर मी दर रविवारी दौंडला जाते. जेवण करते, कपडे मशीनला लावते, संध्याकाळी दोघांचा चहा करते. आप्पा टीव्ही लावत नाहीत. अंगणात येऊन बसतात आणि हात कुठं ठेवायचे ते शोधत राहतात. मला ते बघवेना. माठाशेजारच्या डब्यात शेवटची एक सिगार होती, आईनं ‘तापू दे’ म्हणून मागवलेली, पेन्सिलीएवढी. मीच ती काढून दिली. एवढीनं काय होतंय, म्हटलं.

आप्पांनी ती कापली, पेटवली. मी पायरीवर बसले आणि बोलायला लागले. ऑफिसचं सांगितलं, नवीन साहेबांचं सांगितलं. पुण्याला जाताना सणसवाडीजवळ ट्रॅफिकमध्ये किती वेळ गेला ते सांगितलं. कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. भावकीतलं मला काही माहीत नव्हतं. आप्पा ‘हं’ म्हणत होते. माझं सांगून संपलं तेव्हा सिगारची पहिली राखही पडली नव्हती. त्यांनी ती दगडावर टेकवून ठेवली आणि तिच्याकडं बघत राहिले, ती आपोआप विझेपर्यंत.

“कडक लागली का?” मी विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“मोठी हाय गं,” आप्पा म्हणाले. “एकट्याला लई मोठी हाय.”

मी त्यांच्या समोरच बसले होते.